जनरल हार्डेस्टीचं इमान

ग्वेल्फ, ३ सप्टेंबर २०१७

गुंजन,

तू माझा नंबर ब्लॉक केला आहेस, हे आईकडून कळलं. तिला रोज मेसेज करतेस, तिने टाकलेले भाज्यांचे फोटो लाइक करतेस, आणि बापाने फोन केला तर रिंगसुद्धा जात नाही. म्हणून पत्र लिहितोय. मराठीत लिहितोय, कारण सहावीपर्यंत नागपुरात शिकलीस, वाचता येतं तुला. इंग्रजीत वाद घातला की तू जिंकतेस.

फोटोचं बोलू. त्यात मी निळ्या कोटात उभा आहे आणि राखाडी कोटातल्या डगशी हात मिळवतोय. आमच्या मागे तो लाल झेंडा आहे, निळ्या फुलीचा. गावातल्या पेपरवाल्याने तो काढला आणि खाली "शत्रू, तरी शेजारी" असं काहीतरी छापलं. मी तो झेंडा शिवला नाही, रोवला नाही, हातात धरला नाही. लढाईला दोन बाजू असतात आणि दोन झेंडे असतात. माझ्या पाठीमागे कोणता आला, हे फोटोवाल्याला विचार.

त्याच्या आदल्याच आठवड्यात व्हर्जिनियात काय झालं हे मी टीव्हीवर पाहिलं होतं. गोऱ्या वर्चस्ववाद्यांचा तो मोर्चा, त्यातला तोच झेंडा, आणि गर्दीत गाडी घालून मारलेली ती मुलगी. पण ते अमेरिकेत. आमचा कार्यक्रम हिवाळ्यातच ठरलेला होता. तुझी रूममेट शॉना, तिला सकाळी फोनवर तो फोटो दिसला आणि तिने तुला विचारलं, "इज दॅट युअर डॅड?" एवढंच ना? तिने भांडण केलं नाही. तू केलंस.

डग कोण, हे तुला सांगायची गरज नसावी, पण तू विसरलेली दिसतेस. २०१३च्या डिसेंबरात आइस स्टॉर्म आलं, गावाची लाइट गेली, आणि नेमकं तेव्हा आईचं अपेंडिक्स फुटलं. रस्त्यावर झाडं आडवी पडली होती, अँब्युलन्स येईना. शेजारचा डग मॅकब्राइड चेनसॉ घेऊन निघाला. झाडं कापत, पिकअप थोडी थोडी पुढे काढत त्याने आईला हॉस्पिटलात पोचवलं. लाइट येईपर्यंत तू त्याच्या आणि मार्जरीच्या घरी राहिलीस. तो राखाडी कोट काहून घालतो? कारण कोणीतरी घालायला पाहिजे. सगळेच निळे झाले तर लढाई कोणाशी करायची?

तू मैत्रिणींना सांगतेस, माझा बाबा सुट्टीच्या दिवशी खोटी लढाई खेळतो. खरं आहे. दीडशे वर्षांपूर्वीच्या अमेरिकेतल्या यादवीत इथून, कॅनडातून, हजारो पोरं उत्तरेच्या बाजूने लढायला गेली होती. त्यांच्या आठवणीसाठी हा क्लब. डगनेच मला तिथे ओढत नेलं. आधी मी साधा शिपाई होतो. मग आमच्या जनरलचे गुडघे गेले, आणि निळ्या बाजूला घोड्यावर बसता येणारा मी एकटा निघालो. नागपुरात एनसीसीच्या घोड्यांवरून इतक्या वेळा पडलो, ते शेवटी कॅनडात कामी आलं. लोक हसतात. एका बाईने मला इथला आदिवासी समजून विचारलं, तुम्ही कोणत्या ट्राइबचे? मी म्हटलं, विदर्भाचा. तिने समजल्यासारखी मान हलवली.

मी ज्याचा कोट घालतो तो जनरल जोएल हार्डेस्टी व्हर्जिनियाचा होता. म्हणजे दक्षिणेचा. गुलामगिरी टिकावी म्हणून दक्षिणेची राज्यं, राखाडी कोटाची आणि त्या झेंड्याची, देशातून फुटली, तेव्हा त्याच्या राज्याने त्याला मोठं पद देऊ केलं. धाकटा भाऊ लूथर तिकडे गेला. आईने निरोप पाठवला, घरी ये. हा गेला नाही. मी शपथ घेतली ती देशाची, म्हणाला, आणि उत्तरेच्या, युनियनच्या सैन्यात राहिला. घरच्यांनी त्याचं नाव टाकलं. उत्तरेतल्यांनी त्याचं प्रमोशन अडवलं, हा कधी पळेल सांगता येत नाही म्हणून. दोन्हीकडून मार खाल्ला पण जागचा हलला नाही. याला इमान म्हणतात, गुंजन. असा माणूस मी दर उन्हाळ्यात उभा करतो, आणि माझी पोरगी म्हणते, मला तुझी लाज वाटते.

तुझा मॉन्ट्रियलचा पत्ता आईने दिला. तिच्यावर चिडू नकोस.

बाबा

ग्वेल्फ, १५ ऑक्टोबर २०१७

गुंजन,

थँक्सगिव्हिंगला, कॅनडात ती सुट्टी ऑक्टोबरातच येते, तू येशील असं आईला वाटत होतं. तिने पुरण घातलं होतं. मी एकट्याने खाल्लं आणि ॲसिडिटी झाली.

तुझं उत्तर आईच्या फोनवर पोचलं. एकच वाक्य, तेही इंग्रजीत: बाबाला विचार, त्याच्या कॅम्पमध्ये जे पळून आले त्यांचं त्याच्या जनरलने काय केलं. मला वाटलं, तू काहीतरी इंटरनेटवरचं उचललं असशील. क्लबने दिलेल्या चार पानी पुस्तिकेत तर असं काही नाही. मग युनिव्हर्सिटीच्या लायब्ररीतून त्याचं जाडजूड चरित्र आणलं. प्लांटमध्ये लंच ब्रेकला वाचतो. दह्याच्या कारखान्यात असलं पुस्तक वाचणारा मीच एक, त्यामुळे मेंटेनन्सची पोरं आता मला "जनरल" म्हणतात.

तुझी माहिती खरी आहे. १८६१च्या हिवाळ्यात तो केंटकीत होता. केंटकी उत्तरेच्या बाजूला राहिलेलं राज्य, पण गुलाम तिथेही होते. एक नवरा-बायको मालकाकडून पळून, नदी ओलांडून त्याच्या छावणीत आले. बाई अनवाणी होती. शिपायांनी त्यांना स्वयंपाकाच्या तंबूत ठेवलं, जेवू घातलं. मग मालक आला. हार्डेस्टीने त्याचे कागद पाहिले आणि दोघांना त्याच्या हवाली केलं. काही शिपाई आडवे आले, तर त्यांनाच अटकेत टाकलं.

आता हे ऐक. तेव्हा वरून तसाच हुकूम होता. केंटकी फुटू नये म्हणून तिथल्या मालकांना दुखवायचं नाही, असं धोरण होतं. हार्डेस्टीने कायदा पाळला. शिपाई कायदा पाळणार नाही तर कोण पाळणार? दीडशे वर्षांनी मॉन्ट्रियलच्या कॅफेत बसून निवाडा करणं सोपं आहे.

हे मी लिहिलं खरं. पण पुस्तकातली एक गोष्ट मला सारखी खुपते. त्यात मालकाचं नाव आहे, त्याची किती एकर जमीन होती ते आहे, अटक झालेल्या शिपायांची नावं आहेत. त्या दोघांची नावं नाहीत. पुढे त्यांचं काय झालं, तेही नाही. मी मागची सूचीसुद्धा पाहिली.

पुस्तक अजून अर्धं व्हायचंय. घाई करू नकोस.

बाबा

ग्वेल्फ, २५ फेब्रुवारी २०१८

गुंजन,

गेल्या शनिवारी मी तुझ्या दारात आलो तेव्हा काय झालं ते तुला माहीत आहे. तरी माझ्या बाजूने लिहितो, कारण तिथे मला नीट बोलताच आलं नाही.

मी का आलो ते आधी. जानेवारीत क्लबची वार्षिक सभा झाली. दोन तरुण शिक्षिकांनी ठराव मांडला की तो झेंडा मैदानात नको. दक्षिणेच्या सैन्याचे दुसरेही झेंडे होते, ते वापरा. डग उठला आणि म्हणाला, आज झेंडा काढाल, उद्या बंदुका काढायला सांगाल. निम्मे इकडे, निम्मे तिकडे. अध्यक्षांनी अंग काढून घेतलं आणि सांगितलं की दोन्ही बाजूंचे सेनापती, म्हणजे डग आणि मी, आपसात ठरवतील. सगळे माझ्याकडे बघत होते. मी म्हटलं, हो, बोलू आम्ही. येताना मी डगच्याच गाडीत होतो. आम्ही हॉकीबद्दल बोललो.

आईने महिनाभर माझ्याशी वाकडं धरलं. तू कोणाला घाबरून राहिला, असं विचारलं तिने. मी म्हटलं, घाबरत नाही, उपकार आहेत. ती म्हणाली, उपकार माझ्यावर आहेत, अपेंडिक्स माझं होतं, मी फेडेन. हे ऐकून मी गाडी काढली आणि मॉन्ट्रियलला आलो.

दार शॉनाने उघडलं. तू कामावर होतीस. मला वाटलं होतं ती रागावेल, आणि रस्ताभर मी उत्तरं तयार केली होती. तिने मला चहा दिला. ऑगस्टच्या उन्हात तो लोकरीचा कोट घालून चक्कर येत नाही का, असं विचारलं. मी म्हटलं, येते. मग मीच झेंड्याचा विषय काढला. म्हटलं, डग वाईट माणूस नाही, त्याला त्यात फक्त इतिहास दिसतो.

तिने जे सांगितलं ते तू शंभरदा ऐकलं असशील. मी पहिल्यांदा ऐकत होतो. हॅलिफॅक्सजवळच्या गावात तिचं घराणं दोनशे वर्षं आहे. पूर्वज व्हर्जिनियातले काळे गुलाम, इंग्रजांच्या जहाजांवर पळून आले, हार्डेस्टीच्या जन्माच्याही आधी. ती हायस्कूलात असताना एक पिकअप त्यांच्या रस्त्यावरून फिरायची, मागे तो झेंडा लावलेला. तिची आजी व्हरांड्यात बसलेली असली की पिकअप मुद्दाम हळू व्हायची. आजीने बाहेर बसणं सोडलं नाही, पण खुर्ची भिंतीकडे सरकवली.

"त्या मुलांना युद्ध कोणत्या साली झालं हेसुद्धा माहीत नव्हतं," शॉना म्हणाली. "झेंडा कशासाठी आहे, ते मात्र बरोबर माहीत होतं."

माझी सगळी उत्तरं दुसऱ्याच प्रश्नांची होती.

मग तू आलीस. बूटसुद्धा काढले नाहीस. मी सभेचं सांगितलं, डगचं सांगितलं, इमानाचं सांगायला लागलो, आणि तू मला मध्येच तोडलंस. "बाबा, तुझ्यावर जो सगळ्यात अलीकडे उपकार करतो, त्याच्याशी तू लॉयल असतोस. दॅट्स नॉट लॉयल्टी. दॅट्स मॅनर्स."

तुला काय वाटतं, हे वाक्य घेऊन एवढ्या लांब गाडी चालवणं सोपं असतं? वाटेत किंग्स्टनला मी थांबलो आणि कॉफी घेतली. ती तशीच थंड झाली. बापाला मॅनर्स आहेत याचाही तुला राग. आमच्या घरात ज्याचं मीठ खाल्लं त्याला उलटून बोलत नाहीत, हे मला माझ्या बापाने शिकवलं. त्याने हे नाही सांगितलं की मीठ देणारा चुकत असला तर काय करायचं. त्याच्यावर ती वेळ आली नसावी.

शॉनाला सांग, चहा चांगला होता.

बाबा

ग्वेल्फ, १३ मे २०१८

गुंजन,

डगशी बोललो.

एप्रिल सगळा टाळण्यात गेला. शेवटी विंटर टायर काढायला आम्ही त्याच्या गराजमध्ये होतो, दर वर्षीसारखे, आधी माझी गाडी मग त्याची. तो खाली वाकून नट सोडवत होता. चेहरा दिसत नव्हता, म्हणून मला बोलणं जमलं. म्हटलं, डग, तो झेंडा नको. शॉनाच्या आजीचं सांगितलं. त्याने पाना थांबवला नाही. म्हणाला, कोण्या टवाळ पोरांनी काही केलं त्याचा माझ्याशी काय संबंध, मी मेलेल्या सैनिकांचा मान राखतो. मी म्हटलं, दुसरा झेंडा घे. तो म्हणाला, नाही. मग मी म्हटलं, तो झेंडा असेल तर मी मैदानात उतरणार नाही.

तो उभा राहिला. "नऊ वर्षं झाली तुला इथे येऊन," तो म्हणाला. "माझी सहावी पिढी आहे. माझ्या गावात झेंडा कोणता लावायचा, हे तू सांगणार मला?"

असं तो कधी बोलला नव्हता. बोलल्यावर त्याचाच चेहरा पडला. पण त्याने शब्द मागे घेतला नाही आणि मी पाना खाली ठेवला. पुढचे दोन टायर मी दुकानात जाऊन बदलले.

आई म्हणते, बरं झालं, एकदा सांगून तरी टाकलंस. बरं काय झालं? आता कुंपणापलीकडे माणूस गवत कापतो आणि मी आत पडदा ओढून बसतो. माझ्याच घरात.

पुस्तक संपलं. तू विचारलं नाहीस तरी सांगतो, कारण आता सांगायला दुसरं कोणी नाही. आधी जनरलचं सगळं डगलाच सांगायचो.

१८६४ साली हार्डेस्टीच्या हाताखाली काळ्या सैनिकांच्या दोन पलटणी आल्या. त्याला त्या नको होत्या. महिनोन्‌महिने त्याने त्यांना फक्त खंदक खणायला लावलं. मग एका चकमकीत राखाडी सैन्याने त्यातले काही जण पकडले, आणि हार्डेस्टीच्या लोकांनी तिकडचे काही पकडले. त्या कैद्यांत त्याचा भाऊ लूथर होता. तीन वर्षांनी भाऊ भाऊ समोरासमोर आले. लूथरला ताप होता. हार्डेस्टीने त्याला आपल्या तंबूत झोपवलं.

दुसऱ्या दिवशी पांढरं निशाण घेऊन तिकडचा अधिकारी आला. कैद्यांची अदलाबदल करू, म्हणाला. लूथर घरी जाईल. हार्डेस्टी तयार झाला, त्याने यादी मागितली. यादीत फक्त गोरे सैनिक होते. त्याने विचारलं, बाकीचे कुठे आहेत? अधिकारी म्हणाला, ते सैनिक नाहीत, ती मालमत्ता आहे, ती ज्याची त्याला परत जाईल.

चरित्रात लिहिलंय की हार्डेस्टीने यादी घडी करून परत दिली. मग म्हणाला, "माझे सगळे द्या, नाहीतर कोणी नाही."

कोणी नाही, असंच झालं. लूथरला उत्तरेतल्या कैद्यांच्या छावणीत पाठवलं. तिथे देवीच्या साथीत तो गेला. युद्धानंतर हार्डेस्टी एकदा गावी गेला होता. आईने दार उघडलं नाही.

आता तू म्हणशील, बघ, सुधारला. मला तसं वाटत नाही. त्या पलटणींबद्दल तो पुढेही वाईटसाईट बोलत राहिला. केंटकीतल्या त्या दोघांबद्दल एक अक्षर कधी बोलला नाही. ज्याने तिथे कागद पाहून माणसं परत दिली, त्याच माणसाने इथे कागद पाहून सख्खा भाऊ घालवला. मधे काय झालं, हे चरित्रकाराला सांगता येत नाही. हट्टी होता, एवढंच लिहितो. मी इतकी वर्षं त्याचा कोट घातला आणि मलाही सांगता येत नाही. चीड येते. माणूस समजला असं वाटतं आणि तो हातातून निसटतो.

तुझी परीक्षा झाली का? आई सांगत नाही, तूच सांग म्हणते.

बाबा

ग्वेल्फ, १९ ऑगस्ट २०१८

गुंजन,

काल झालं ते तू कुठेतरी बघशीलच, म्हणून आधी माझ्याकडून.

डग झेंडा आणणार नाही, अशी मला मनातून आशा होती. तो समोर हट्ट करतो आणि मागाहून ऐकतो, मार्जरीच्या बाबतीत मी हे पाहिलंय. सकाळी मी माझ्या लोकांना सांगून ठेवलं: तो झेंडा दिसला तर मी परत फिरणार, ज्याला यायचं त्याने यावं, कोणावर सक्ती नाही. ते सगळे जमिनीकडे बघायला लागले. एकाने विचारलं, मग लढाईचं कसं?

दुपारी आम्ही मैदानात उभे राहिलो. उन्हात लोक घडीच्या खुर्च्या टाकून बसले होते. ढोल वाजला, राखाडी रांग झाडांतून बाहेर आली. सगळ्यात पुढे डग चालत होता आणि झेंडा त्याने स्वतः धरला होता. दुसऱ्या कोणाच्या हातात दिला नव्हता. तो सरळ माझ्याकडे बघत होता.

मी घोडी वळवली. आता यात काही शान असेल असं तुला वाटत असेल, तर नव्हती. पेनीला पुढे जायची सवय. ढोल वाजला की ती पुढेच जाते. मी डावीकडे ओढली, ती गोल फिरून पुन्हा समोर आली. लोक हसले. दुसऱ्यांदा वळवली तेव्हा कुठे निघाली. मागे चार जण आले: त्या दोन शिक्षिका, एक पेन्शनर ढोलवाला आणि त्याची बायको. बाकीचे तिथेच राहिले. माइकवरचा माणूस म्हणाला, "लेडीज अँड जेंटलमेन, जनरल हार्डेस्टी अपिअर्स टू बी अनवेल."

पार्किंग लॉटमध्ये आम्ही पाच जण उभे होतो आणि पलीकडे तोफा वाजत होत्या. एक म्हातारा गाडीतून खुर्ची काढत होता. त्याने मला विचारलं, लढाई संपली का? मी म्हटलं, माझी संपली. मी का निघालो, ते त्याला सांगितलं. तो म्हणाला, सुट्टीच्या दिवशी तरी लोकांना सुखाने जगू द्या. आणि खुर्ची घेऊन आत गेला.

ठरल्याप्रमाणे निळी बाजू जिंकली. माझ्यावाचून काही अडलं नाही. नव्या जनरलचं नावही आज कळलं. तो डेंटिस्ट आहे आणि त्याला घोड्यावर बसता येत नाही. तो चालत लढणार आहे.

मी कोट क्लबच्या पेटीत ठेवून आलो. घरी आल्यावर आई म्हणाली, जेव. जेवलो. मला वाटलं होतं, असं काही केल्यावर माणसाला आतून बरं वाटत असेल. मला अपमान झाल्यासारखं वाटतंय. डगचा चेहरा डोळ्यांपुढून जात नाही. ज्या माणसाने माझ्या बायकोसाठी बर्फात झाडं कापली त्याला मी शेदोनशे लोकांसमोर पाठ दाखवली. हे बरोबरच होतं. आणि तरी मला रडू येतंय.

शॉनाला हे सांगायची गरज नाही. तिच्यासाठी केलं असं तिला वाटलं तर तिच्यावर ओझं होईल.

बाबा

ग्वेल्फ, २१ ऑक्टोबर २०१८

गुंजन,

आता तू फोन उचलतेस, तरी लिहितोय. फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस.

ऑगस्टच्या पत्राला तुझं उत्तर काय आलं? "ओके." एक शब्द. मी तो आईला दाखवला आणि म्हटलं, नऊ वर्षांचा मित्र गेला आणि बदल्यात हे मिळालं. आई म्हणाली, नंबर अनब्लॉक केल्याशिवाय ओके येत नाही. ते माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

मग थँक्सगिव्हिंगला तू आलीस. जेवण झालं, आणि तू जॅकेट चढवून म्हणालीस, मी डगकडे जाऊन येते. मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. ज्या माणसापायी तू माझ्याशी वर्षभर बोलली नाहीस, त्याच्याकडे? तू गेलीससुद्धा. मी खिडकीत उभा राहिलो. आईने तिथून मला हलवायचा प्रयत्न केला, पण मी हललो नाही. तू परत आलीस तेव्हा डोळे लाल होते आणि हातात मार्जरीने दिलेला ॲपल पाय होता.

तू काय सांगितलंस ते मी लिहून ठेवतोय, कारण तू विसरशील आणि मला विसरायचं नाहीये. तू म्हणालीस, "मी त्याला सांगितलं, मला तुझा राग आलाय. फार राग आलाय. शॉनाचं सगळं सांगितलं. तुम्ही दोघं एकमेकांना फक्त अटी घालत होतात, बाबा. राग आलाय असं कोणीच म्हणालं नाही."

मग मी ते विचारलं, जे मला कधीचं विचारायचं होतं. त्याच्याशी तासभर बोललीस, मग माझ्याशी वर्षभर का नाही?

तू ॲपल पायच्या डब्याचं झाकण काढत होतीस. वर न बघता म्हणालीस, "तो शेजारी आहे. अपेक्षा तुझ्याकडून होती."

तुझी बस गेली आणि मी आठवडाभर हे वाक्य घेऊन कारखान्यात फिरलो. दह्याच्या एका टाकीचा पंप मी दोनदा उघडला आणि दोनदा उलटा बसवला.

काल शनिवारी सकाळी मी डगचं दार वाजवलं. त्याने उघडलं. मग मी म्हटलं, मला तुझा राग आलाय. तू मला गराजमध्ये पाहुणा केलंस, नऊ वर्षांनंतर. त्याचा चेहरा लाल झाला. म्हणाला, आणि तू मला धमकी दिलीस, मित्र धमकी देतात का? मग सगळ्यांसमोर पाठ फिरवलीस. मी म्हटलं, तू झेंडा हातात धरून माझ्या डोळ्यांत बघत चालत आलास, ते काय होतं? तो म्हणाला, मला वाटलं तू थांबशील. मी म्हटलं, मला वाटलं तू आणणार नाहीस.

आवाज एवढा चढला की आई आमच्या व्हरांड्यात येऊन उभी राहिली. समोरच्या घरातला माणूस पानं गोळा करायचा थांबला. मी इंग्रजीत इतक्या मोठ्याने कधी बोललो नव्हतो. मधेच शब्द सुचेना तेव्हा मी मराठीत बोललो, आणि त्याने त्यालाही उत्तर दिलं.

शेवटी आतून मार्जरी ओरडली, दार लावा, सगळी हीट बाहेर चाललीय. डग बाजूला झाला आणि मी आत गेलो. आम्ही स्वयंपाकघरात बसलो. त्याने दोन कप कॉफी ओतली. मग विचारलं, ती आजी, ती खरंच खुर्ची भिंतीकडे सरकवायची? मी म्हटलं, हो. अजून आहे का ती? मी म्हटलं, मला माहीत नाही, विचारतो. तो टेबलाकडे बघत राहिला.

झेंड्यावरून तो हटलेला नाही. मैदानात त्याच्यासमोर मीही आता कधी उभा राहणार नाही, हे मी त्याला स्पष्ट सांगितलं. तो म्हणाला, ते कळलंय मला. तेवढ्यात त्याची मुलगी नातवंडं घेऊन आली आणि आम्हाला थांबावं लागलं. मला दारापर्यंत सोडायला आला तेव्हा म्हणाला, येत्या शनिवारी ये, माझं अजून बोलून झालेलं नाही.

मी म्हटलं, माझंही नाही.

शॉनाची आजी आहे का, ते तेवढं विचारून कळव.

बाबा